बॉयलर बदलताना पाइपिंग नव्याने आखायचं आहे : रेडिएटर आणि गरम पाणी (लंडन)

हॅरोकर

नमस्कार मंडळी,

वायव्य लंडनमध्ये हॅरोला आमचं १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे. खाली-वर दोन मजले, माळ्यात काढलेली एक खोली आणि तिची न्हाणी, मागे आधीच्या मालकाने वाढवलेली बैठकीची खोली. बॉयलर स्वयंपाकघरात आहे. पहिल्या मजल्यावरच्या कपाटात १२० लिटरचं तांब्याचं सिलिंडर, पंप आणि तीन तोंडांचा मोटरवाला व्हॉल्व्ह. छपराच्या उतारात दोन टाक्या, एक मोठी नळांच्या पाण्याची आणि एक लहान रेडिएटरच्या पाण्याची.

बॉयलर आता शेवटच्या घटका मोजतोय, त्यामुळे बदलायचाच आहे. पण माझी खरी तक्रार बॉयलरबद्दल नाही. माळ्यावरच्या शॉवरला धारच नाही, कारण टाकी जवळपास त्याच उंचीवर आहे. मागच्या खोलीतला रेडिएटर कोमट राहतो. तिथे जमिनीत १० मिमीचे बारीक पाइप आहेत. रेडिएटरची हवा काढताना काळं पाणी येतं. आणि हिवाळ्यात आईबाबा नाशिकहून येतात तेव्हा सकाळी दुसऱ्या अंघोळीनंतर पाणी संपतं.

दोन कोटेशनं घेतली. पहिल्यात ३५ किलोवॅटचा कॉम्बी (नळ उघडला की तेव्हाच पाणी तापवणारा बॉयलर) लावून सिलिंडर आणि टाक्या काढून टाकायच्या. दुसऱ्यात सिलिंडर ठेवायचं, पण मध्ये एक लो-लॉस हेडर (बॉयलरकडचं आणि घराकडचं पाणी जिथे एकत्र येतं तो जाड नळा) आणि दोन पंप. पाइपांबद्दल दोघांनीही "आहेत ते चालतील" एवढंच सांगितलं. घर किती उष्णता गमावतं हे कोणी मोजलं नाही. यंदा वरची फरशी तशीही उचलायची आहे, म्हणून पाइप बदलायचे असतील तर हीच वेळ. ज्यांनी हे काम केलंय किंवा करवून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

साधं_सरळ

आमच्याकडे कॉम्बी आहे आणि आम्ही समाधानी आहोत. दोन माणसं, एक न्हाणी. साठवलेलं पाणी दिवसभर गार होत राहणं हा भाग नाही, कपाट रिकामं झालं, टाक्या गेल्या. कॉम्बीला सरसकट नावं ठेवू नयेत असं वाटतं.

तांबट

मी मिडलंड्समध्ये हेच काम करतो, गॅस सेफ नोंदणी (इथे गॅसच्या कामाला लागते ती) आहे. थोडं लांबण लागेल.

साधं_सरळ यांच्या घरासाठी कॉम्बी योग्यच आहे. हॅरोकर यांच्या घराचं गणित वेगळं आहे. कॉम्बीचे ते ३५ किलोवॅट घर उबदार ठेवण्यासाठी नसतात, नळाखाली धावतं पाणी तापवण्यासाठी असतात. जानेवारीत मेनचं, म्हणजे रस्त्यावरच्या मुख्य नळाचं पाणी ७ अंशांवर येतं असं धरा, शॉवरला ४२ हवं, म्हणजे ३५ अंशांची वाढ. एक लिटर पाणी एक अंश तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. त्या हिशेबाने ३० किलोवॅटमध्ये मिनिटाला साधारण १२ लिटर मिळतं, ३५ मध्ये १४. एक चांगला शॉवर त्यात भागतो. दोन शॉवर एकदम सुरू झाले की दोघांच्याही वाट्याला अर्धी धार येते.

त्याच बॉयलरला मग घर तापवायचं असतं. तुमचं घर, भिंतींच्या पोकळीत इन्सुलेशन भरलेलं असेल आणि खिडक्या दुहेरी काचेच्या असतील, तर बाहेर उणे २ असताना ८ किलोवॅटच्या आसपास मागेल. आणि लंडनमध्ये उणे २ किती वेळा होतं? बहुतेक हिवाळा ३ ते ५ किलोवॅटवर निघतो. मोठा कॉम्बी त्याच्या किमान ज्योतीवरही त्याहून जास्त उष्णता देत असेल तर तो पेटतो, मिनिटभरात पाणी तापवून विझतो, पुन्हा पेटतो. गॅस त्यात जातो आणि सुटे भागही त्यातच झिजतात. म्हणून बॉयलरच्या माहितीपत्रकात कमाल आकड्याच्या आधी किमान आकडा बघायचा.

आता मूळ मुद्दा. रेडिएटर आणि सिलिंडर यांना वेगवेगळ्या तापमानाचं पाणी हवं असतं, आणि तुमच्या आत्ताच्या रचनेत ते देण्याची सोयच नाही. तो तीन तोंडांचा व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत असला की बॉयलरचं पाणी दोन्हीकडे एकदम जातं. सिलिंडर ६० अंशांवर न्यायचं तर बॉयलरमधून ७० ते ७५ चं पाणी निघायला हवं, म्हणजे रेडिएटरनाही तेच मिळतं. परत येणारं पाणी मग ६० च्या वर राहतं. कंडेन्सिंग बॉयलरचा सगळा फायदा धुरातली वाफ आतल्या आत पाणी होण्यात आहे, आणि नैसर्गिक गॅसच्या धुरात ते परतीचं पाणी साधारण ५५ च्या खाली असेल तरच घडतं. जितकं खाली, तितकं चांगलं. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरगुती गॅस बॉयलर कंडेन्सिंगच लावावे लागतात, पण जुन्या पाइपिंगवर लावलेले कितीतरी बॉयलर वर्षभर कंडेन्स न होता चालतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण लोकांनी त्या कार्यक्षमतेचे पैसे मोजलेले असतात.

उपाय असा. मधली स्थिती नसलेला व्हॉल्व्ह लावायचा, पाणी एका वेळी एकाच बाजूला जाईल असा, आणि पाण्याला प्राधान्य द्यायचं. सिलिंडरने मागणी केली की बॉयलर पूर्ण ताकदीने गरम पाणी तिकडे पाठवतो, रेडिएटर तेवढा वेळ थांबतात. १८० लिटर पाणी १० वरून ६० वर न्यायला साडेदहा युनिट उष्णता लागते. १८ किलोवॅटने पस्तीस मिनिटांत काम होतं, अट एवढीच की सिलिंडरमधलं वेटोळं तेवढं शोषणारं हवं. तेवढ्या वेळात घर गार होत नाही. मग रेडिएटरची पाळी, आणि त्यांना बाहेरच्या हवेनुसार ४० ते ५५ अंशांचं पाणी.

असा बॉयलर निवडा ज्याला दोन वेगळी फ्लो तापमानं (बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याची) कळतात. सगळ्यांना कळत नाहीत, विकत घेण्याआधी विचारा.

म्युनिककर

तांबट यांच्याशी पूर्ण सहमत. इथे बाहेरच्या भिंतीवर, उत्तरेच्या अंगाला सेन्सर असतो आणि बॉयलर त्यावरून पाण्याचं तापमान ठरवतो, हे अगदी सर्रास आहे. बाहेर किती थंडी असताना पाणी किती तापवायचं, हे ठरवणारा एक वक्र असतो. तंत्रज्ञ आला की पहिल्यांदा तो वक्र बघतो. थंडीत किती आणि उबेत किती, या दोन टोकांमधला चढ घरागणिक वेगळा असतो. पहिल्या हिवाळ्यात तो थोडा थोडा खाली आणायचा. सगळे रेडिएटर पूर्ण उघडे ठेवून घर हव्या त्या उबेवर कसंबसं पोचतंय, तिथे थांबायचं.

हेडरबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. खाली फ्लोअर हीटिंग आणि वर रेडिएटर असेल, किंवा बॉयलरमधला पंप अपुरा पडत असेल, तर हेडर उपयोगी पडतो. तो सरसकट नको म्हणू नये.

तांबट

बरोबर. दोन वेगळी तापमानं किंवा फार मोठं घर असेल तर हेडरला जागा आहे. पण हॅरोकर यांच्याकडे फक्त रेडिएटर आहेत आणि गरज ८ किलोवॅटची. हेडरमध्ये दोन्ही बाजूंचा प्रवाह जुळला नाही की पाणी आतल्या आत मिसळतं. घराच्या बाजूला जास्त पाणी खेचलं गेलं तर फ्लोमध्ये परतीचं थंड पाणी मिसळतं. मग तेवढीच ऊब मिळवायला बॉयलर जास्त तापवावा लागतो. बॉयलरच्या बाजूला जास्त असेल तर गरम पाणी घरात न जाताच परत येतं आणि कंडेन्सिंग बंद. एका पंपात भागत असेल तिथे हे विकत घेऊ नये. भागतं की नाही, ते बघू या.

८ किलोवॅट, जाताना आणि परतताना २० अंशांचा फरक : मिनिटाला पावणेसहा लिटर. फरक १० चा ठेवला तर साडेअकरा. २२ मिमीच्या तांब्याच्या पाइपात साडेअकरा लिटर साधारण सेकंदाला ०.६ मीटर वेगाने जातात. आवाज नाही, विरोध बेताचा. म्हणजे आजच्या कामापुरता तुमचा २२ मिमीचा मुख्य पाइप रेडिएटरसाठी पुरतो.

तरीही फरशी उचलणार असाल तर मी मुख्य पाइप २८ मिमीचा घाला म्हणेन. कारण पुढच्या वेळी बॉयलरऐवजी हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारं विजेचं यंत्र) येण्याची शक्यता दाट आहे. हीट पंप ५ अंशांच्या फरकावर चालतात. तेच ८ किलोवॅट न्यायला मिनिटाला २३ लिटर लागतात. ते २२ मिमीमधून सेकंदाला १.२ मीटरच्या आसपास धावतील, तेव्हा पाइप गाऊ लागतो आणि पंपावर ताण येतो. २८ मिमीमध्ये वेग ०.७ वर येतो. तांब्याचा आजचा फरक काही शे पौंडांचा असेल, पण फरशी पुन्हा उचलण्याचा खर्च आणि मनस्ताप त्याहून कितीतरी मोठा.

मागच्या खोलीचं दुखणं तिथल्या १० मिमीत आहे. त्याचा आतला व्यास ९ मिमीहूनही कमी. १० अंशांच्या फरकावर, बऱ्या वेगाने, त्यातून दीड किलोवॅट गेला तर पुष्कळ. वाढीव खोलीला तीन बाहेरच्या भिंती असतात, तिला सहज त्याहून जास्त लागतं. शिवाय काळ्या गाळाला सगळ्यात आधी असाच बारीक पाइप सापडतो. काँक्रीट फोडू नका. तो पाइप तिथेच बंद करून सोडा आणि स्कर्टिंगच्या वरून १५ मिमीचा नवा पाइप भिंतीलगत न्या. दिसायला थोडा दिसेल, रंगवून टाका.

हॅरोकर

तांबट, इतकं नीट कोणीच समजावलं नव्हतं. मनापासून आभार.

भिंतींच्या पोकळीत इन्सुलेशन आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या. खोलीगणिक हिशेब मी स्प्रेडशीटवर करायला घेतलाय : भिंत, काच, छत, फरशी आणि हवेची अदलाबदल. पण ४५-५० अंशांवर आमचे रेडिएटर पुरतील का? ते जुने, एकेरी पत्र्याचे आहेत.

तांबट

रेडिएटरच्या पुठ्ठ्यावर छापलेला आकडा पाणी खोलीहून सरासरी ५० अंश जास्त गरम असताना मिळतो. ५५ चं पाणी जाऊन ४५ चं परतलं आणि खोली २० वर असली की तो फरक ३० होतो, आणि रेडिएटर छापील आकड्याच्या जेमतेम निम्मं, सुमारे ५१ टक्के देतो. म्हणजे ज्या खोलीला ८०० वॅट हवेत तिथे छापील १६०० वॅटचा रेडिएटर लागेल. ऐकायला मोठं वाटतं. पण एकेरी पत्र्याच्या जागी त्याच लांबी-उंचीचा, दोन पत्रे आणि मध्ये पातळ पन्हाळी पट्ट्यांच्या (फिन) दोन रांगा असलेला रेडिएटर लावला की दुपटीहून जास्त ऊब मिळते. तो भिंतीपासून थोडा पुढे येतो एवढंच. सगळे बदलायची गरज नसते. तुमच्या तक्त्यात ज्या खोल्या मागे पडतात त्याच बदला.

जून २०२२ पासून इंग्लंडच्या बांधकाम नियमांतल्या ऊर्जाबचतीच्या भाग एलमध्ये हेच आहे : बॉयलर, पाइप आणि रेडिएटर सगळंच नवं करत असाल तर यंत्रणा ५५ अंश किंवा त्याहून कमी फ्लोवर चालेल अशी आखायची. म्हणून कोणी "हिवाळ्यात ७० शिवाय भागत नाही" म्हणाला तर त्याला हिशेब मागा.

कोथरूडकर

विषय तिकडचा असला तरी एक विचारते. आमच्या गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे आणि तिसऱ्या मजल्याखालच्या प्रत्येक न्हाणीत गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार पाणी वाया जातं. तुमच्या तिथे सिलिंडरपासून नळापर्यंत हेच होत असेल ना? पाइप आखताना यावर काही करता येतं का?

तांबट

फार महत्त्वाचं विचारलंत, यावर मूळ धाग्यात कोणीच बोललं नव्हतं.

पाइपात साचलेलं पाणी मोजता येतं. तांब्याच्या १५ मिमी पाइपात मीटरला सुमारे १४५ मिलिलिटर, २२ मिमीमध्ये ३२० मिलिलिटर. दहा मीटर लांब असेल तर दीड लिटर की सव्वातीन लिटर, हा फरक आहे. जुन्या घरांत टाकीच्या उंचीवर पाणी यायचं, दाब कमी, म्हणून पाइप जाड घालावे लागत. तुमच्या सोलरचंही तेच कारण. हॅरोकर यांनी मेनच्या दाबावर चालणारं बंद सिलिंडर घेतलं तर बेसिन आणि सिंककडे जाणारा पाइप १५ मिमीचा पुरेल, आणि गरम पाणी निम्म्याहून कमी वेळात येईल.

फार लांबचा नळ असेल तर नळापर्यंत गेलेला पाइप परत सिलिंडरकडे वळवून, छोट्या पंपाने पाणी फिरतं ठेवतात. तो पंप पिण्याच्या पाण्यासाठीचा, ब्राँझ किंवा स्टेनलेसचा हवा, त्याला टायमर हवा आणि जाण्यायेण्याच्या सगळ्या पाइपाला इन्सुलेशन हवं. नाहीतर सिलिंडरची उष्णता चोवीस तास भिंतीत जिरते. तुमच्या इमारतीत मजल्यांचे उभे पाइप वेगवेगळे असतील तर आधी नुसतं इन्सुलेशन करून बघा. दुसरी अंघोळ पहिल्यानंतर लगेच झाली तर तेवढ्यानेही फरक पडतो.

साधं_सरळ

मेनच्या दाबाचं सिलिंडर घ्यायचं तर मेनला तेवढा दाब हवा ना? आमच्या रस्त्यावर सकाळी धार अगदी बारीक होते.

तांबट

हो, हे आधी तपासायचं. सकाळी सगळ्यांच्या वापराच्या वेळी, स्वयंपाकघरातला नळ पूर्ण उघडून बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. बाहेरच्या नळाला दाबमापक लावून पाणी बंद असताना आणि दुसरा नळ चालू असताना, असे दोन्ही आकडे घ्या. वाहत्या पाण्यात दीड बार (दाबाचं एकक) आणि मिनिटाला वीस लिटर मिळत असेल तर दोन न्हाण्या आरामात चालतील. रस्त्यावरून घरात येणारा जुना अर्ध्या इंची शिशाचा पाइप असेल तर आधी तो बदलायचा, मग बाकीचं. तो शिसं म्हणूनही घरात नकोच.

बंद सिलिंडर तापताना पाणी फुगतं, त्याला सुरक्षा व्हॉल्व्ह आणि बाहेर सोडणारा पाइप लागतो. तो पाइप सतत उताराने, सुरक्षित जागी सुटला पाहिजे, आणि मध्ये उघडं नरसाळं असतं तिथून गळती डोळ्यांना दिसली पाहिजे. हे काम जी-३ प्रमाणपत्र (अशा बंद सिलिंडरच्या कामाचं) असलेल्यानेच करायचं, आणि गॅसच्या जोडणीला गॅस सेफ नोंदणी हवी. दोन्ही कार्डं मागून बघायला अजिबात संकोचू नका. चांगला माणूस स्वतःहून दाखवतो.

आणि पाणी ६० अंशांवर साठवायचं. पैसे वाचवायला ४५ वर ठेवणारे लोक मी पाहिलेत. लेजिओनेला नावाचे जिवाणू नेमके त्या कोमट पाण्यात वाढतात. म्हातारी माणसं घरात असताना तर हा धोका मुळीच पत्करू नका. नळाला फार गरम वाटलं तर न्हाणीपाशी मिसळणारा व्हॉल्व्ह लावा.

हॅरोकर

मेन तपासला. सकाळी सातला बावीस लिटर आणि वाहत्या पाण्यात दोन बारच्या थोडं वर. घरात येणारा पाइप २५ मिमीचा प्लास्टिकचा आहे.

तक्ताही पूर्ण झाला, एकूण ७.९ किलोवॅट. मागची खोली एकटी १.९ मागते, म्हणजे १० मिमीचं निदान बरोबर होतं. चार रेडिएटर बदलावे लागतील.

आता ठरवलेली रचना अशी : १८ किलोवॅटचा सिस्टिम बॉयलर (वेगळ्या सिलिंडरबरोबर चालणारा), किमान अडीच किलोवॅटपर्यंत उतरणारा. तिथून २८ मिमीचा फ्लो वरच्या कपाटापर्यंत, तिथे दोन तोंडांकडे पाणी वळवणारा व्हॉल्व्ह. एक बाजू १८० लिटरच्या सिलिंडरला, दुसरी रेडिएटरना. मागच्या खोलीला १५ मिमी. टाक्या दोन्ही रद्द. बाहेरचा सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर. हेडर नाही. यात काही राहिलंय का?

तांबट

छान आखलंय. राहिलेलं सांगतो.

टाकी गेली म्हणजे रेडिएटरची यंत्रणा बंदिस्त होईल आणि जुन्या सांध्यांवर आजवर नसलेला दाब येईल. म्हणून आधी पूर्ण धुवून घ्या. काळं पाणी म्हणजे लोखंडाचा गंज, तो नव्या बॉयलरमध्ये जाता कामा नये. परतीच्या पाइपावर, बॉयलरच्या अगदी आधी, चुंबकाचा फिल्टर. धुऊन झाल्यावर गंजरोधक रसायन. लंडनचं पाणी जड आहे हे खरं, पण सॉफ्टनरचं पाणी रेडिएटरच्या यंत्रणेत भरण्याआधी बॉयलरचं पुस्तक बघा. ॲल्युमिनियमचा भाग असलेल्यांना ते चालत नाही.

माळ्यावरचा रेडिएटर बॉयलरच्या सात मीटर वर असेल, म्हणजे ०.७ बार नुसत्या उंचीचा. थंड असताना दाब १.२ ते १.५ ठेवा. एक्स्पान्शन टाकीतली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी लहान टाकी) हवा पाणी भरण्याआधी पंपाने तपासून घ्या, कारखान्यातून आलेला आकडा गृहीत धरू नका.

बायपासबद्दल (फ्लो आणि परतीचा पाइप थेट जोडणारी वाट) कोणी आग्रह करेल. रेडिएटरवरचे सगळे तापमान-व्हॉल्व्ह बंद झाले तर पाण्याला वाट हवी म्हणून तो लावतात. पण तो चुकून सैल राहिला की गरम पाणी सरळ परतीत मिसळतं, आणि आपण एवढं सगळं केलं ते व्यर्थ. त्याऐवजी जिन्यातला आणि न्हाणीतला रेडिएटर कायम उघडे ठेवा. बॉयलरचं पुस्तक बायपास सक्तीचा म्हणत असेल तरच लावा, आणि नीट जुळवून.

कंडेन्सेटचा, म्हणजे धुरातून सुटलेल्या पाण्याचा पाइप घरातल्या घरात सिंकच्या सांडपाण्याला जोडा. बाहेरून न्यावाच लागला तर तो जाड, इन्सुलेशन केलेला आणि कमीत कमी लांबीचा हवा. डिसेंबर २०१० च्या कडाक्यात असे गोठलेले पाइप आणि बंद पडलेले बॉयलर या देशात असंख्य होते.

शेवटी बॅलन्सिंग. प्रत्येक रेडिएटरचा खालचा झाकणाखालचा व्हॉल्व्ह थोडा थोडा फिरवून, जवळच्याला कमी आणि लांबच्याला जास्त पाणी द्यायचं. याला अर्धा दिवस लागतो, म्हणून लोक टाळतात. कोटेशनमध्ये ते लिहून घ्या.

हॅरोकर

काम झालं, म्हणून धागा वर काढतेय.

आज बाहेर ३ अंश आहे. रेडिएटरना ४९ चं पाणी जातंय, ४० चं परत येतंय, घर सगळीकडे २० वर. मागच्या खोलीत आता सगळे बसतात. बॉयलर पेटून-विझून करत नाही, बारीक ज्योतीवर सलग चालतो. सिलिंडर पहाटे आणि दुपारी तापतं, तेव्हा रेडिएटर थांबल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. आईबाबा आणि मुलं पाठोपाठ अंघोळ करतात आणि पाणी पुरतं.

एक गोष्ट पुढच्यांसाठी : घर आता हळूहळू तापतं. सकाळी उठून बटण दाबलं की तासाभरात ऊब, हे कमी तापमानावर होत नाही. आम्ही रात्री फक्त दोन अंश खाली आणतो.

एडिसनवासी

हा धागा वाचून न्यू जर्सीहून विचारते. आमचं पन्नासच्या दशकातलं घर, बिडाचा बॉयलर, भिंतीलगत तांब्याच्या पाइपावर पत्र्याच्या पातळ पट्ट्या (फिन) असलेले बेसबोर्ड हीटर. गरम पाणी बॉयलरच्या आतल्या वेटोळ्यातून येतं, म्हणून तो उन्हाळ्यातही तापत ठेवावा लागतो. आम्हालाही पाण्याचं तापमान असंच उतरवता येईल?

तांबट

थेट नाही. तुमच्या बिडाच्या बॉयलरला नेमकी उलटी अट आहे : परतीचं पाणी १३० ते १३५ फॅरनहाइटच्या खाली फार काळ राहिलं तर आत पाणी सुटतं आणि बीड व धुराडं गंजतं. इकडे जी मर्यादा ओलांडून खाली जायचं, तिथे तिच्या वर राहायचं.

तुम्हाला पहिला फायदा वेगळ्या टाकीत आहे. बॉयलरवर वेगळा झोन काढून वेटोळ्याची इन्सुलेटेड टाकी लावा आणि तिला प्राधान्य द्या. मग उन्हाळ्यात बॉयलर फक्त टाकीने मागितलं की पेटेल आणि बाकी दिवस थंड राहील. हे करताना पंप एक्स्पान्शन टाकीच्या पुढे, तिच्यापासून दूर ढकलणारा आहे का ते बघा. अनेक जुन्या घरांत तो परतीवर असतो आणि वरच्या मजल्यावर सतत हवा अडकते.

पुढे कंडेन्सिंग बॉयलर घेणार असाल तर बेसबोर्डची लांबी निर्णायक ठरेल. १८० फॅरनहाइटला ते जेवढं देतात त्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच १३० ला देतात. खोलीगणिक फिनची लांबी मोजा, फक्त फिनची, वरच्या पत्र्याची नाही, आणि खिडक्यांच्या मापांसह इथे टाका. मग सांगतो.

एडिसनवासी

पंप परतीवरच आहे, आत्ताच तळघरात जाऊन बघितलं. वरच्या झोपायच्या खोलीत दर हिवाळ्यात हवा अडकते ती यामुळेच असणार. शनिवारी मापं घेऊन टाकते.